माझा जन्म कॉटेजमध्ये झाला
(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)

मित्रांनो, मला सांगितलं होतं, 'कविता आणि भाषा' यावर बोल. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटावर हमाली करतो. भाषेवर बोलायला प्राध्यापक पुष्कळ आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो. मी एका शब्दावर बोलणार आहे. एकच शब्द, आणि तोही इंग्रजी. कॉटेज.

हसू नका. माझा जन्म कॉटेजमध्ये झालेला आहे. आई बाळंतपणाला गावी गेली होती. तालुक्याला सरकारी कुटीर रुग्णालय. पाटीवर कुटीर रुग्णालय, लोकांच्या तोंडी कॉटेज. साप चावला, कॉटेजला न्या. मार लागला, कॉटेजचा दाखला आणा. आजी म्हणायची, "तू काटेजात झालास, तुझ्या बापासारका गोठ्याच्या कडंला नाय." इंग्रज कवी कॉटेजमध्ये जन्मल्याचं त्यांच्या चरित्रात असतं. आपणही त्यातलेच.

आता हा शब्द माझ्यामागे का लागला ते सांगतो. माझी एक कविता आहे, काहींनी ऐकली असेल. आईचं खोपट तोडलं त्या दिवसाची. मी तेव्हा दहा वर्षांचा. रे रोडच्या पुढे, गोद्यांच्या भिंतीला लागून आमची वस्ती. पत्रा, बांबू, जाहिरातीचं जुनं बॅनर, वर दगड. पथक सकाळी आलं. ती कविता एका गृहस्थाला आवडली. शिकलेला माणूस, मनानं चांगला, खोटं बोलत नाही. त्याने इंग्रजीत केली आणि मला पाठवली. मी फोनवर वाचली, रात्रपाळी संपवून, धक्क्यावर चहा पिताना. आईचं खोपट जिथं जिथं होतं तिथं तिथं त्याने लिहिलं होतं, कॉटेज.

माझी सटकली. तेच्यायला, कॉटेज! कौलारू घर, खिडकीत फुलं, धुराड्यातून धूर, दारात मांजर. पथक काय मांजर हाकलायला आलं होतं? मी फोन उचलला आणि त्याला दोन शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "डिक्शनरी बघ, मग भांडू."

फाउंटनच्या फुटपाथवरनं घेतलेली जुनी डिक्शनरी माझ्याकडे होती. त्यात कॉटेजचा अर्थ दिला होता: झोपडी, खोपटे, लहान घर, कुटीर. म्हणजे तो चुकला नव्हता. मग मीच पेटलो. सहा महिने या एका शब्दाच्या मागे आहे. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

शब्दाचं मूळ कॉट. जुन्या इंग्रजीत कॉट म्हणजे खोपट. त्यात राहणारा तो कॉटर. 1086 साली इंग्लंडच्या राजाने सगळ्या मुलखाची मोजणी केली, डोम्सडे बुक म्हणतात तिला. कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती माणसं. त्यात माणसांचे थर लिहिलेत. तळाला गुलाम, त्याच्या जरा वर हे कॉटर. त्याच्याही आधीचा एक दस्तऐवज आहे, कुणी मालकाला काय द्यायचं त्याचा. त्यात कॉटरचं असं: भाडं नाही, पण वर्षभर दर सोमवारी मालकाच्या शेतावर राबायचं, आणि सुगीत आठवड्याला तीन दिवस. बदल्यात साधारण पाच एकराचा तुकडा.

हे वाचलं आणि मला आजा आठवला. वतनाची जमीन. तिच्या बदल्यात पाटलाचा सांगावा पोचवायचा, सरकारी खजिना न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, मयताची बातमी घेऊन रात्रीचं कोसभर पळायचं. कॉटरला निदान सोमवार ठरलेला होता. आमच्या आज्याला सात वार आणि चोवीस तास. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल आणलं ते याच्यासाठी. वतनं गेली ती पुढे तीस वर्षांनी, 1958 च्या कायद्याने. आणि कॉटरला कुणी शिवून घेत नव्हतं असं मला कुठं वाचायला मिळालं नाही. हा फरक मोठा आहे. तो विसरून इंग्रज गरीब आणि आपण सारखेच असं म्हणणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही. पण शब्द कुठून निघाला ते बघा. मालकाच्या दावणीला बांधलेल्या माणसाच्या खोपटातून निघाला. फुलं, मांजर नंतर आली.

पुढे 1589. राणी एलिझाबेथचं राज्य. कायदा झाला की नवं कॉटेज बांधायचं तर त्याला चार एकर जमीन जोडलेली पाहिजे. चार एकर नसताना बांधलं तर दहा पौंड दंड, आणि ते उभं ठेवलं तर दर महिन्याला चाळीस शिलिंग. एका कॉटेजात कुटुंब एकच, दुसरं घेतलं तर त्याचा दंड वेगळा. भूमिहीन माणसाने खोपटं टाकू नये, गावावर पोसायची पाळी येऊ नये, हा मतलब. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही त्याने घर बांधणं हाच गुन्हा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझे आई-बाप, चुलता-चुलती आणि मावसभावाचं बिऱ्हाड. एलिझाबेथबाईने आम्हाला फाडून खाल्लं असतं.

पण गंमत पुढे आहे. त्या कायद्यात सवलती होत्या. शहरांना लागू नाही. खाणी, दगडखाणीच्या मजुरांना लागू नाही. आणि समुद्रापासून मैलाच्या आत, किंवा जहाजं चालतात त्या नदीच्या काठी, खलाशी आणि जहाज बांधणारा, जहाजावर माल-अन्न भरणारा माणूस राहत असेल, तर चार एकराची अट नाही. का? तर जहाजाला हात लागतात. हात दोनशे मैलांवरनं रोज चालत येत नाहीत. 1589 सालच्या राणीला कळलं की बंदरावर राबणारा बंदराजवळ राहतो. ते वाचून मी धक्क्यावर मुकादमाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे घेऊन कोर्टात जा." सगळी गँग हसली. मी मैल मोजला. आमच्या वस्तीपासून समुद्र मैलाच्या आतच आहे.

तो कायदा 1775 ला रद्द झाला. गरिबावर दया आली असं कुणी समजू नये. त्याच काळात गायरानांना कुंपणं पडत होती. गावाची सामाईक जमीन, जिथं कॉटर आपली गाय, आपली बदकं चारायचा, सरपण आणायचा, ती पार्लमेंटचे कायदे करून जमीनदारांच्या नावावर झाली. उरलेल्या तुकड्यांवर माणसं रातोरात खोपटं टाकायची. तिथं लोकांत एक समजूत होती की एका रात्रीत घर उभं करा, सकाळी धुराड्यातून धूर निघाला पाहिजे, मग ते तुमचं. वेल्समध्ये अशा घराला त्यांच्या भाषेत 'एका रात्रीचं घर' असंच नाव आहे. कायद्याच्या पुस्तकात असं काही नव्हतं. लोकांनीच धरून ठेवलेलं.

धुराची गोष्ट वाचताना मी उठून बसलो. आमचं खोपट तोडलं त्याच रात्री बापाने ते परत उभं केलं. चार जण कामावरनं परस्पर आले, दोन बांबू कुणाचे, ताडपत्री कुणाची. पहाटे आईने पहिलं काय केलं? स्टोव्ह पेटवून चहा टाकला. मी तेव्हा समजलो होतो की सगळे दमलेत म्हणून चहा. आता वाटतं, तिला वेल्सचं काय ठाऊक, पण घर झालं हे वस्तीला दाखवायचं तर आधी चूलच पेटवावी लागते.

आता 'बांधलेलं कॉटेज' ऐका. इंग्लंडात शेतमजुराला मालक घर द्यायचा. काम आहे तोवर घर. काम सुटलं, म्हातारा झाला, मालकाशी भांडला, युनियनमध्ये गेला, की घर खाली कर. बायकापोरं रस्त्यावर. शेतमजुरांच्या युनियनने त्याच्याविरुद्ध कित्येक वर्षं आवाज उठवला, तेव्हा 1976 साली त्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. 1976! आपल्याकडे आणीबाणी चालू होती, झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास निघाले त्या सालातली गोष्ट. ज्यांचे बाप क्वार्टरमध्ये राहून रिटायर झाले त्यांना मी जास्त काय सांगू? शेवटच्या पगाराबरोबर किल्ली देतात तेव्हा बापाचं तोंड कसं होतं ते तुम्ही बघितलंय.

आयर्लंडचं मात्र थोडं वेगळं. 1883 चा कायदा, शेतमजुरांना कॉटेज बांधून द्यायचा, सोबत अर्धा एकर, पुढे एक एकर. पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे 40 हजार कॉटेजं उभी राहिली. घरासोबत जमीन, हे कळीचं. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, ती नुसत्या छपरासाठी गेली नव्हती.

बरं, मग मांजर कधी आलं? फुलं कधी आली? तर ज्या काळात खऱ्या कॉटेजातली माणसं गिरण्यांकडे हाकलली जात होती, त्याच काळात श्रीमंतांना कॉटेजची आवड लागली. ब्रिस्टॉलजवळ एका बॅंकवाल्याने 1811 च्या सुमारास जॉन नॅश नावाच्या मोठ्या आर्किटेक्टकडून नऊ कॉटेजं बांधून घेतली, आपल्या म्हाताऱ्या नोकरांसाठी. छान, गवताची छपरं, एकासारखं दुसरं नाही. लोक बघायला यायला लागले. अमेरिकेत तर कहर. न्यूपोर्ट गावात समुद्राकाठी करोडपती उन्हाळ्यात राहायला यायचे, त्या वाड्यांना म्हणायचे कॉटेज. व्हँडरबिल्ट, रेल्वेचा पैसा. त्याचं कॉटेज 1895 ला पुरं झालं, सत्तर खोल्या. सत्तर! आमची अर्धी वस्ती.

मागच्या पावसाळ्यात मी एका टेम्पोवर सुटा गेलो होतो, लोणावळ्याला फरशी उतरवायला. फाटकावर पाटी, अमुक कॉटेज. आत पोहायचा तलाव. वॉचमन आपल्यातला निघाला, जयभीम केला. त्याला विचारलं, तू कुठं राहतोस? त्याने कंपाउंडच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. पत्र्याची खोली, मोटरच्या पंपाला लागून. त्या खोलीला तिथं काय म्हणतात? आउटहाउस.

आणि हे फक्त इंग्रजच करतात असं समजू नका. पुण्याला येरवड्याच्या टेकडीवर ठाकरसींचा बंगला आहे. मोठा, देखणा. नाव काय? पर्णकुटी. 1933 साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधींनी एकवीस दिवसांचा उपास केला तो त्याच पर्णकुटीत. पानांची झोपडी! ज्यांच्यासाठी उपास होता ते खरोखरच्या पानांच्या, पाचटाच्या झोपडीत. इकडे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसाने त्याच दशकात दादरला आपलं घर बांधलं, त्याला नाव दिलं राजगृह. मगधाच्या राजधानीचं नाव. त्यांना कुटी, कुटीर, आश्रम असलं काही सुचलं नाही. झोपडीची हौस ज्याला झोपडी माहीत नाही त्यालाच असते, हे मी माझ्या आईवरनं सांगतो. ती अजून गवताच्या छपराचं हॉटेल बघितलं की म्हणते, "पैसं देऊन गळक्यात बसत्यात."

बंगला शब्दाचं तर उलटंच. बंगालमधल्या खेड्यातलं उतरत्या छपराचं घर, ते बंगला. साहेबाने उचललं, मोठं केलं, इंग्लंडला नेलं. तिथं आता बंगला म्हणजे एकमजली लहान घर, म्हातारा-म्हातारीचं. म्हणजे त्यांची झोपडी आपल्याकडे येऊन वाडा झाली आणि आपला बंगला तिकडे जाऊन लहान झाला. असो.

कॉटेज इंडस्ट्रीवर फार वेळ घालवत नाही, तुम्हाला ते पाठ आहे. कुटीरोद्योग. गांधींनी 1934 ला वर्ध्यात त्याचा संघ काढला. बाबासाहेबांनी 1945 च्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं, की यंत्र पाहिजे, कारण यंत्राशिवाय गरिबाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय माणूसपण नाही. इथं मला अडचण आहे, ती लपवत नाही. कंटेनर आला, क्रेन आली, आणि आमच्या गँगा संपल्या. वीस माणसांचं काम दोघं करतात. बाकीच्या अठरांना फुरसत मिळाली, पण पगार नाही मिळाला. बाबासाहेब यंत्र मालकाच्या खिशात घालून मोकळे झाले नव्हते, त्यांनी पुढचंही सांगितलंय, पण ते पुढचं कुणी करत नाही. आणि कुटीरोद्योगातलं कुटीर म्हणजे काय ते बघायचं असेल तर विडी वळणाऱ्या बाईच्या घरी जा. एकाच खोलीत तंबाखू, पोरगं आणि भाकरी.

हॉटेलात पनीरला कॉटेज चीज म्हणतात. ते सोडून द्या.

आता शेवटचा अर्थ. इथं काही ज्येष्ठ बसलेत, त्यांनी राग मानू नये. इंग्लंडच्या बोलीत, गुप्त बोलीत, कॉटेज म्हणजे सार्वजनिक मुतारी. जुन्या मुताऱ्या बागेत, रस्त्याकडेला लहान घरासारख्या बांधलेल्या असायच्या म्हणून. आणि तिथं कोण जायचं? पुरुषावर प्रेम करणारा पुरुष. 1967 पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये तो गुन्हा होता. घरी नेता येत नाही, खोली भाड्यानं मिळत नाही, शेजारी पोलिसाला सांगतो. मग भेटायचं कुठं? मुतारीत. आणि त्या जागेला त्यांनी नाव दिलं, घर.

ही गोष्ट मी आमच्या गँगमधल्या एका दोस्ताला सांगितली. त्याचं नाव घेत नाही. तो बराच वेळ हुकाच्या टोकाने लाकूड टोकरत बसला. मग म्हणाला, "आपल्याकडे पण तेच आहे रे. स्टेशनची मुतारी." 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने 377 मधून त्यांना सोडवलं. तो म्हणाला, "कोर्टाने सोडलं, पण खोली कुठाय? मी, आई, दोन बहिणी, भाऊ-वहिनी." चळवळीतल्या आपल्या पोरांनी या दोस्ताला छक्का म्हणून चिडवलेलं मी ऐकलंय. मीही एकदा हसलो होतो. ते इथं स्टेजवरनं सांगतो. आणि भाऊ-वहिनीचं तरी काय वेगळं? लग्न झालेली जोडपी लोकांच्या डोळ्याला डोळा लागायची वाट बघतात. मुतारी कुणासाठी भेटायची जागा, आणि ती धुणारा कोण? तो आपल्यातलाच. त्याच्याही मनात त्या दोघांबद्दल घाण असते, आणि त्या दोघांच्या मनात त्याच्याबद्दल. ही भिंत कुणी बांधली ते शोधायला मला डिक्शनरी पुरली नाही.

वेल्सचं एक राहिलं. एका रात्रीत घर बांधणाऱ्या त्या मुलखात पुढे इंग्रज श्रीमंतांनी सुट्टीची कॉटेजं विकत घेतली. गावातल्या पोरांना गावात घर परवडेना. 1979 च्या डिसेंबरात कॉटेजं जळायला लागली. रिकामी बघून, रात्री. दहा-बारा वर्षं हे चाललं, दोनशेच्या वर घरं. मी आग लावा म्हणत नाही, लिहून घेणाऱ्यांनी नीट लिहून घ्यावं. आता तिथल्या सरकारने 2023 पासून कौन्सिलांना अशा दुसऱ्या घरांवर करात तीनशे टक्क्यांपर्यंत वाढ करायचा अधिकार दिलाय. आपल्या मुंबईत कुलूप लावलेल्या रिकाम्या फ्लॅटांवर असा कर लावा म्हणून बघा बरं.

तर हे सगळं वाचून मी त्या भाषांतरवाल्याला परत फोन केला. आधी शिव्यांबद्दल माफी मागितली. म्हणालो, तुमचा शब्द मुळात आमचाच आहे, कॉटरचा. पण वाटेत तो श्रीमंताच्या घरी राहून आलाय, आता वाचणाऱ्याला व्हँडरबिल्टच दिसणार. तो म्हणाला, मग हट लिहू? मी म्हणालो, हट म्हटलं की आमच्याकडे कुत्र्याला हाकलल्यासारखं वाटतं. तो हसला. मग शॅंटी? स्लम? मी म्हणालो, थांबा, आईला विचारतो.

आई भांडी घासत होती. तिला विचारलं, त्या दिवशी पथकातल्या साहेबाने तुला काय विचारलं होतं? म्हणाली, "ये स्ट्रक्चर किसका है, असं." आणि तू काय म्हणालीस? "काय म्हननार? घर हाय माझं, म्हनलं."

मी त्याला तेवढं कळवलं. त्याने सगळीकडचं कॉटेज काढून हाऊस केलं. आता तो म्हणतो, हाऊस म्हटल्यावर इंग्रजी वाचकाला ते पत्र्याचं होतं हे कळणार नाही. मी म्हणालो, पुढच्या ओळीत पत्रा आहे की, वाचू दे त्याला. यावर आमचं अजून चालू आहे. छापून आलं की दाखवतो.

माझी पाळी आठला आहे. जयभीम.